पार्वताबाईंचं बोट

पार्वताबाईंना वाचता येत नव्हतं. हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

त्या आमच्या गावच्या, कारध्याच्या. वय अठ्ठावन्न असेल, साठही असेल. नदीकाठी वांग्यांचा एक तुकडा, आणि रोज सकाळी पूल ओलांडून भंडाऱ्याच्या बाजारात टोपली. माझी आई त्यांच्याकडून वांगी घ्यायची. रविवारी आमची संगती, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनेची बैठक, एका घराच्या खोलीत भरते. तिथे एकदा त्या रिकामी टोपली घेऊन आल्या आणि मागे भिंतीला टेकून बसल्या. प्रार्थना संपली, लोक गेले, त्या उठल्या नाहीत.

"काय झालं बाई?" आईने विचारलं.

"येती बसलं तं भेव वाटत नाही," त्या म्हणाल्या. "थोडं बसू द्या."

त्यांना कसली भीती वाटते, हे गावात कोणाला कळलं नसतं. गाव त्यांनाच भीत असे. बावीस वर्षं त्या दाणे पाहत होत्या. कोणाच्या घरी दुखणं आलं, म्हैस हरवली, सून माहेरी निघून गेली, की तो माणूस आपल्या घरचं मूठभर धान घेऊन त्यांच्याकडे येई. त्या ते सुपात टाकत, सूप तीनदा हलवत आणि दाणे कसे पडले ते पाहून सांगत. ही विद्या त्यांना सासूने दिली होती.

"मले तेची गोडी काहून लागली सांगू?" त्या एकदा मला म्हणाल्या. "लगन होऊन आली तं घरात माह्याशी कोणी बोलत नोहतं. भांडे घास, शेण काढ. मंग सूप हातात आलं. पाटील आला अन माह्यासमोर खाली बसला. मी पाटावर, तो भुईवर. त्या दिवशी मले पहिल्यांदा कोणी 'बाई' म्हणलं."

मी तेव्हा नुकतीच एम. ए. झाले होते. मी म्हणाले, "मावशी, तुम्ही माणसं चांगली ओळखता. तो सगळा अंदाज होता."

"अंदाज असता तं बरं झालं असतं पोरी. अंदाज चुकते, माणूस शहाणा होते. हे चुकत नोहतं. म्हैस धानाच्या कोणत्या बांधीत हाय ते सांगतलं तं म्हैस तेतीच सापडे. ते बरोबर सांगून सांगून विश्वास बसवते. मंग एक दिवस खोटं सांगते. तोवर तुह्या डोक्यात शंका येत नाही."

तो एक दिवस असा होता. परगावची एक बाई तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन आली. दाण्यांवरून पार्वताबाईंनी सांगितलं, बाहेरचं आहे, सात दिवस उंबरठा ओलांडू देऊ नका, दवाखानाही नको. पाचव्या दिवशी लेकरू गेलं.

"ती मले शिव्या देती तं चाललं असतं," त्या म्हणाल्या. "ती तेराव्या दिवशी मूठभर धान घेऊन परत आली. म्हणे, कोणं केलं ते पाहा."

त्यांनी ते सूप चुलीत घातलं. त्यावर भात शिजवला, पण खाववला नाही. भीती तेव्हापासून सुरू झाली. घरात कोणीतरी वाट पाहत उभं आहे, असं त्यांना वाटे. दोन महिन्यांनी त्या टोपली घेऊन आमच्या खोलीत येऊन बसल्या.

दाणे पाहणं, शकुन पाहणं शास्त्रात, म्हणजे बायबलात, मना केलं आहे, हे आमच्या संगतीत सगळ्यांना ठाऊक आहे. का मना केलं आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

पार्वताबाई बाजारातून आल्या की दुपारी मी त्यांना शास्त्र वाचून दाखवू लागले. त्या ओट्यावर वांगी निवडत ऐकत. एक दिवस त्यांनी हात पुसले, पुस्तक माझ्याकडून घेतलं, डोळे मिटले, ते मधूनच उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे वाच."

ती ओळ एका बाईच्या रडण्याबद्दल होती. देवाने ते रडणं ऐकलं, असं पुढे होतं. पार्वताबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं. मला ते फार सुंदर वाटलं.

मग रोजच झालं. त्या बोट ठेवत, मी वाची. शेजारच्या बायका येऊन बसू लागल्या, काही रविवारी खोलीतही येऊ लागल्या. एकीच्या मुलाचं लग्न जमत नव्हतं. बोट ठेवलं, मी वाचलं, महिन्याभरात जमलं. एकीचा नवरा जवाहरनगरच्या कारखान्यात होता, त्याच्या बदलीचं विचारलं. तेही खरं निघालं. बायका धानाऐवजी नारळ आणू लागल्या. पार्वताबाई नारळ घेत नसत, पण बायका आणत.

"पयले सूप होतं, आता पुस्तक हाय," एक म्हातारी म्हणाली. "बाई तं तेच!"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

फेब्रुवारीत पुष्पाबाई आपल्या सुनेला घेऊन आल्या. सून भावना, तेवीस वर्षांची, दोनदा पोट पडलेली. दुसरं पडून तेव्हा वीसच दिवस झाले होते. ती खांबाला धरून खाली बसली आणि भुईकडे पाहत राहिली.

"बाई, बोट ठेवा," पुष्पाबाई म्हणाल्या. "हिचं पोट कोणं बांधलं ते पायजे मले."

आजवर लोक काय होईल ते विचारत. कोणी केलं, असं कोणी विचारलं नव्हतं. पार्वताबाईंचा हात पुस्तकावर थोडा वेळ तसाच राहिला. त्या नाही म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी डोळे मिटले, पुटपुटल्या आणि बोट ठेवलं.

मी वाचलं. मिसरच्या राजाच्या स्वप्नाची गोष्ट होती ती. त्याला स्वप्नात कणसं दिसतात, खुरटलेली, पूर्वेच्या वाऱ्याने करपलेली. बोट त्याच ओळीवर होतं.

पुष्पाबाई उठून उभ्या राहिल्या. "पूर्वेकडून," त्या म्हणाल्या. "पूर्वेले कोणाचं घर हाय?"

पूर्वेला गोदावरीबाईंचं घर होतं. सत्तरीच्या विधवा, एकट्या. दारात बोरीचं झाड.

"तिनंच बोरं देल्ली होती मले," भावना हळूच म्हणाली. "संक्रांतीले."

"काकू, ही राजाच्या स्वप्नाची गोष्ट आहे," मी म्हणाले. "फार जुनी. तिचा तुमच्या घराशी..." पुष्पाबाई सुनेचा हात धरून निघाल्याही होत्या. मी पार्वताबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा समाधानी होता. तो चेहरा मी विसरू शकत नाही.

पुढचं सगळं चार दिवसांत झालं. हातपंपावर गोदावरीबाई आल्या की बाकीच्या बायका कळशा उचलून बाजूला होत. त्यांच्या दारात कोणी लिंबू टाकून गेलं. बोरीचं झाड कोणीतरी कापलं. चौथ्या दिवशी, शनिवारी, भावनाचा नवरा प्रफुल्ल आणि त्याचा मित्र अंकुश पाच-सहा जणांना घेऊन त्यांच्या दारात गेले आणि सांगून आले, सोमवारपर्यंत गाव सोड. नाही सोडलंस तर आम्ही घर मोकळं करू.

मी पार्वताबाईंच्या वाडीत धावत गेले. त्या वांगी तोडत होत्या. मी सगळं सांगितलं. पोलिसांत जाऊ, याला कायदा आहे, असंही म्हणाले. त्या सरीतच खाली बसल्या.

"त्या दिवशी मले आनंद झाला होता," त्या म्हणाल्या. "पुष्पा उठून उभी राहिली तवा. तोच आनंद, पोरी. पाटील खाली बसला होता तवाचा. मी ओळखला तेले. अन तरी गप राहिली."

वाचणारी मी होते.

"मी देवाचं सूप केलं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ती गोष्ट सुरुवातीपासून वाच. सगळी."

वाडीतच बसून मी वाचली. राजाचं स्वप्न, त्याचा अर्थ सांगायला तुरुंगातून आणलेला तरुण, आणि अर्थ सांगणं माझ्या हाती नाही, देवाच्या हाती आहे, हे त्याचं बोलणं. सात वर्षं पिकेल, सात वर्षं दुष्काळ पडेल, म्हणून धान्य साठवा, हा त्याचा सल्ला. पार्वताबाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"म्हंजे त्याईनं धान साठवलं," त्या म्हणाल्या. "कोणाचं घर नाही मोडलं."

आधी मी बोलते, मग पोलिसांत जा, असं म्हणून सोमवारी सकाळी त्या प्रफुल्लच्या अंगणात गेल्या. मी आणि आई मागे होतो. माणसं आधीच जमली होती.

"काय वं बाई, तुम्हीबी आल्या का सामान काढाले?" अंकुश म्हणाला.

"माहं ऐका," पार्वताबाई म्हणाल्या. "ते बोट माहं होतं. देवाचं नोहतं. गोदावरीनं काई केलं नाही. मले काई दिसलं नाही."

"चार दिवसांमंदी उलटल्या?" पुष्पाबाई म्हणाल्या. "का तिनं तुमालेबी धरलं?"

"हालेलुया संपलं गा, आता पलटी!" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

पार्वताबाई हसणं थांबेपर्यंत थांबल्या. मग त्यांनी त्या तापाच्या लेकराची गोष्ट सांगितली. गावात ती आजवर कोणाला माहीत नव्हती. दवाखाना नको असं कोणी सांगितलं, लेकरू कितव्या दिवशी गेलं, सगळं सांगितलं. त्यांचा आवाज बाजारात वांगी विकताना असतो तसाच होता.

"मंग तं तुमीच मारलं तेले," प्रफुल्ल म्हणाला.

"हाव," त्या म्हणाल्या. "मी. आता दुसरीले मारू देऊ नका माह्या हातानं."

आता कोणी हसलं नाही. पण कोणी हललंही नाही. अंकुशच्या हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार होती. पुष्पाबाई म्हणाल्या, "ते तुमचं तुमी पाहा. माह्या सुनेचं काय?"

पार्वताबाई वळल्या आणि गोदावरीबाईंच्या दाराशी गेल्या. दार आतून बंद होतं.

"गोदावरी. भूक लागली. जेवाले दे."

आतून आवाज आला. "माह्या घरचं खाशील तं मरशील. तूच तं सांगतलं लोकाईले."

"मरन तं मरन. वाढ."

"पुस्तकाले इचारून आली का?"

"नाही. अशीच आली."

दार उघडलं. गोदावरीबाई थाळी घेऊन आल्या आणि ती त्यांच्यापुढे आदळली. भात आणि पातळ वरण. पार्वताबाई पायरीवर बसल्या, गल्लीकडे तोंड करून. सगळे पाहत होते. त्यांनी डोळे उघडे ठेवूनच दोन शब्दांत देवाचे आभार मानले आणि जेवायला लागल्या. चार घास झाल्यावर म्हणाल्या, "वरणात मीठ नाही वं."

"नाहीच हाय घरात," गोदावरीबाई म्हणाल्या. "दुकानवाला देत नाही. चार दिवस झाले."

पार्वताबाईंचा हात थांबला. मग त्या तसंच अळणी जेवत राहिल्या.

प्रफुल्लच्या दारातून भावना बाहेर आली. तिच्या हातात वाटी होती. पुष्पाबाई म्हणाल्या, "भावना, मांगं फिर." ती फिरली नाही. वीस-पंचवीस पावलांचंच अंतर होतं, पण तिला चालायला त्रास होत होता. ती गोदावरीबाईंसमोर उभी राहिली. मीठ हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. गोदावरीबाईंनी खाली ठेव अशी खूण केली. भावनाने त्यांचा हात ओढून घेतला आणि वाटी हातात दिली.

"बोरं गोड होती आजी," ती म्हणाली.

प्रफुल्लने अंकुशच्या हातातली सब्बल घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मग तो घरात गेला. माणसं एकेक करून पांगली. त्या दिवशी घर मोकळं करायला कोणी आलं नाही. नंतरही आलं नाही.

सगळं ठीक झालं असं मात्र नाही. हातपंपावर काही बायका अजूनही कळशी बाजूला घेतात. आमच्या खोलीत येणाऱ्या सहा-सात जणी यायच्या थांबल्या. उत्तर मिळत नाही तर येऊन काय करायचं, असं त्यातली एक आईला म्हणाली. भावनाला माझ्या आईने सरकारी दवाखान्यात नेलं. रक्ताच्या तपासण्या चालू आहेत.

पार्वताबाई आता दर सोमवारी गोदावरीबाईंकडे जेवायला जातात. कोणी बोलावलेलं नसतं. गोदावरीबाई थाळी अजूनही आदळतात. गेल्या सोमवारी मी बरोबर होते. पार्वताबाईंनी पहिला घास हातात घेतला, तो तसाच धरून विचारलं, "गोदावरी, मले माफ केलं का वं तू?"

गोदावरीबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"जेव आधी," त्या म्हणाल्या. "थंडं होऊन राहिलं."