कोरडी भिंत

पनवेलला माती तपासायच्या एका लॅबमध्ये मी नोकरी करते. बिल्डरांची माणसं पोत्यांतून माती, मुरूम आणून टाकतात. आम्ही तो चाळतो, भिजवतो, दाबतो आणि किती भार सोसेल ते सांगतो. घरच्यांच्या लेखी मी 'मातीत खेळणारी'. लग्नाकार्यात माझी ओळख करून देताना हेच सांगतात आणि वर हसतात. हसोत बापडे.

माझी ताई गव्हाणच्या बाजूला दिली आहे. तिच्या सासऱ्यांनी खाजणातली, खाडीकाठची दलदलीची जमीन भरून काढायला डोंगराच्या पायथ्याचा मुरूम खणून नेला, आणि खणून जी जागा सपाट झाली तिथेच घर बांधलं. आमच्या पट्ट्यात हे सर्रास चालतं. डोंगराचा पाय कापायचा आणि त्याच्याच पायाशी अंथरूण घालायचं. कापलेली बाजू ढासळू नये म्हणून घरामागे दगडी भिंत घातली. ज्याने कुणी घातली त्याला अक्कल होती, कारण त्याने भिंतीत जागोजागी पाईपचे तुकडे बसवून पाणी बाहेर यायला भोकं ठेवली होती. दर पावसाळ्यात त्यातून पाणी गळायचं आणि भिंतीवर तपकिरी ओघळ उठायचे. त्या भिंतीला लागूनच मागची खोली. ती माझ्या भाचीची.

भाचीचं लग्न मे महिन्यात ठरलं. आमच्याकडे लग्न एक वेळ साधं होईल, पण हळद दणक्यात झाली पाहिजे. मांडव मागच्या अंगणात, आणि नवरी बसणार त्या भिंतीसमोर. व्हिडिओवाला येऊन बघून गेला आणि म्हणाला, मागचे डाग फार दिसतील. झालं! भाऊजींनी गवंडी बोलावला, भोकं सिमेंटने बुजवली, वर गिलावा मारला आणि भिंत पिस्ता रंगाने रंगवून टाकली.

मी हळदीच्या आदल्या दिवशी गेले तेव्हा रंग अजून ओला होता. मी म्हटलं, "भाऊजी, हे काय करून ठेवलंत? पावसाचं पाणी जाणार कुठून?"

"अगो, वरून जाईल. डोंगर आमच्या पणज्याच्या टायमापासून हाय. त्याला काय पाय हायत, चालत यायला?"

सगळे हसले. मी चिडले आणि तिथेच हातात भाकरीचं पीठ घेऊन बसले, कारण मांडवात तेवढंच हाताशी होतं. पिठात पाणी बेताचं घातलं की गोळा हातात उभा राहतो. जास्त घातलं की तोच गोळा बोटांतून ओघळतो. मुरमाचं तसंच आहे. मे महिन्यात तो पहारीला दाद देत नाही. कणाला कण घट्ट चिकटून असतो. मग पाणी आत शिरतं, कणांच्या मधली जागा भरतं, वाट मिळाली नाही की कणांना एकमेकांपासून ढकलायला लागतं, आणि मुरमाचं वजन वाढतं ते वेगळंच. त्या डोंगरात मुरमाखाली काळा कातळ आहे, त्याचा उतार घराकडे, आणि दोघांच्या मध्ये तांबड्या मातीचा बोटभर थर. तो भिजला की साबण. कातळाचा उतार दुसरीकडे असता तर मी त्यांचा एवढा जीव खाल्लाही नसता.

"लग्न झाल्यावर फोडू," भाऊजी म्हणाले. त्यांनी माझ्या हातातलं पीठ काढून घेतलं आणि बायकांकडे दिलं.

हळद झाली, लग्न झालं, भोकं फोडायची राहिली. एवढी सुंदर भिंत फोडायला कुणाचाच हात होईना. मी फोनवर दोनदा आठवण केली, मग मलाही राग आला आणि मी नाद सोडला.

लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात मुलीला माहेरी आणायची आपल्याकडे पद्धत आहे. भाची आली आणि आपल्या जुन्या खोलीत राहिली. पाऊस तर असा लागून राहिला होता की कामोठ्यात आमच्या सोसायटीच्या भिंतींनाही बुरशी धरली. एके दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. खोलीच्या खिडकीतून तिने मला भिंत दाखवली. "मावशी, तू उगाच घाबरवत होतीस. बघ, एक थेंब गळत नाही. दरवर्षी नुसता चिखल असायचा."

पिस्ता भिंत खडखडीत कोरडी होती. सगळ्या डोंगराचं पाणी झालेलं आणि भिंत कोरडी. म्हणजे पाणी सगळं मागेच तुंबलं होतं. मी तिला विचारलं, "खोलीचं दार नीट लागतं का गं?" ती म्हणाली, "लागत नाही. पावसाने फुगलंय ना."

दार फुगलं नव्हतं. चौकट सरकली होती.

साहेबांना सांगून मी तशीच निघाले. जाऊन बघते तर भिंत मधोमध पुढे आलेली. लांबून कळत नव्हतं, गाल भिंतीला लावून बघितलं तेव्हा कळलं. वर चढून गेले. भिंतीच्या माथ्यामागे गवतात एक लांब भेग होती, माझा पंजा आत जाईल एवढी. खाली येऊन मी भाऊजींना सगळं सांगितलं. ते आत गेले आणि पहार घेऊन आले.

"आता नाही!" मी ओरडले. "आता तिला हात लावायचा नाही. तिच्यासमोर कुणी उभंसुद्धा राहायचं नाही."

"मे महिन्यात फोड बोलतेस, आता नको बोलतेस. एकदा काय ते ठरव ना बाय!"

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. पण मेमध्ये त्या भिंतीमागे कोरडा मुरूम होता आणि आता चिखल होता, भिंतीला रेटत बसलेला, आणि पहारीचा धक्का त्याला पुरला असता. मी म्हटलं, घर सोडा, ते जमत नसेल तर निदान हिला तरी माझ्याबरोबर द्या. भाऊजी खवळले. आषाढात आलेली लेक बापाच्या घरातून काढून न्यायची, सासरी कळलं तर काय तोंड दाखवू? भाचीही म्हणाली, "मावशी, तू पण ना, कमाल करतेस."

ताई इतका वेळ चुलीपाशी होती. ती उठली, लेकीची बॅग भरली, वर सुकटीची पुडी ठेवली आणि माझ्या हातात दिली. "घेऊन जा. तुझं खरं असो नाहीतर खोटं. मला हिच्या खोलीकडे बघवत नाही." मग तिने मागच्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं, आणि स्वतःचं अंथरूण शेजारच्या जावेच्या घरी टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये असताना त्यांचा फोन आला.

"नाय राहिली," ते म्हणाले. "भिंत नाय राहिली. खोली पण नाय."

"ताई?"

"जावेकडं. मी नाक्यावर गेलेलो." मग ते रडायलाच लागले. "तिचा पलंग दिसत पण नाय गो."

मी त्यांना रडू दिलं. खरं सांगते, मला कीव आली आणि बरंही वाटलं.

पलंग दिवाळीनंतर निघाला. मी ढिगातली तांबडी माती दोन बोटांत चोळून पाहिली, सवयीने. तोच थर. खोली पुन्हा बांधली नाही. नवी भिंत मागे सरकवून, उतार देऊन, भोकं ठेवून बांधली. पुढच्या पावसात भाऊजींचे मला फोन यायचे, "गळतंय ना, मस्त गळतंय," आणि मी विचारायचे, "पाणी निवळ आहे की तांबडं? तांबडं म्हणजे आतली माती निघतेय." निवळ असायचं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात भाचीच्या भावाची हळद होती, त्याच अंगणात. व्हिडिओवाला म्हणाला, "काका, मागे डाग येतायत, पडदा लावू का?"

"येऊ दे," भाऊजी म्हणाले. "दिसले पायजेत."

पहिली हळद देवाला लागली. मग भाऊजी वाटी घेऊन भिंतीकडे गेले आणि जिथे पूर्वी पलंग असायचा त्याच्या समोरच्या भोकाखाली त्यांनी हळदीचं बोट ओढलं. भाची हसायला लागली, "पप्पा, भिंतीचं पण लगीन हाय का?"

ते हसले नाहीत. उरलेली हळद त्यांनी तिच्या गालाला लावली आणि हात तिथेच ठेवला. मागे बँजो वाजत होता, बायका हाका मारत होत्या, तरी त्यांनी तो काढला नाही.