दुबईच्या दुकानात मी कामवाली झाले

"नाई जी, सून कायची! कामवाली होय. पोरीले सांभाळाले आनली."

सासू हे म्हणाली तेव्हा मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. दुबईतलं भलंमोठं दुकान. माझ्या हातात ढकलगाडी. तिच्यात तांदूळ, तूरडाळ, मीठ, तेलाचा डबा. समोर सासूच्या लांबच्या नात्यातली गोंदियाची एक बाई, तिथं अचानक भेटलेली. तिनं विचारलं होतं, "हे सून होय का तुमची?" त्यावर हे उत्तर. त्या बाईनं माझा काळा रंग पाहिला, कपाळावरचं गोंदण पाहिलं आणि मान हलवली. तिला लगेच पटलं.

नवरा बाजूलाच होता. डाळीच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचत होता. लग्नाआधी मी लिहिलेल्या चिठ्ठ्याही त्यानं इतकं मन लावून वाचल्या नसतील.

हो, आमचं प्रेमाचं लग्न. मी चिचगडकडची, गोंडाची पोरगी. आश्रमशाळेत शिकले, नर्स झाले, देवरीच्या दवाखान्यात लागले. तो दवनीवाड्याकडच्या मोठ्या धानशेतीवाल्या घरातला. त्यांनी मला घरात घेतलं, चुलीपाशी घेतलं नाही. तांदूळ मी निवडायचे, भाजी मी चिरायची, भांडी मी घासायची. फोडणी सासूची, भात सासूचा. म्हणजे विटाळ चिरण्यात नव्हता, शिजवण्यात होता! दवाखान्यात त्यांच्याच गावचे लोक माझ्या हातची सुई टोचून घ्यायचे, माझ्या हातचं औषध प्यायचे. घरी पाहुणे आले की मला मागच्या आंगणात पाठवायचे. मी जायचे. आई विचारायची, "बाई, सुखात आहेस ना?" मी हो म्हणायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

दीर दुबईत नोकरीला होता. त्यानं सगळ्यांना फिरायला बोलावलं. सासूला बाहेरचं खाणं चालत नाही, म्हणून पोचल्यावर पहिलं काम किराण्याचं निघालं. ही गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची.

खरं सांगते, कामवाली म्हटलेलंही मी गिळलं असतं. मूग गिळायची सवय झाली होती. पण पोरगी माझा पदर धरून उभी होती. तेव्हा ती पहिलीत होती. आजी गंमत करते आहे असं वाटून ती आधी हसली. मग त्या बाईकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "आजी, लबाड बोलून राहिली तू. हे माही आई होय."

सासूनं फाडकन तिच्या तोंडात मारली. लहान पोराला मारतात तशी नाही. दात लागून ओठ फुटला, हनुवटीवर रक्त आलं.

"चूप! आई नोको म्हनू इथं. बाई म्हन."

पोरगी रडायला लागली. तिनं आजीच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाली, "बाई."

माझ्याच पोटची पोर. मला बाई म्हणाली.

तरी रडते म्हणून सासूचा हात पुन्हा वर गेला. तळपायाची आग माझ्या मस्तकात गेली. मी तो हात हवेतच धरला आणि पिरगाळला. बांगड्या फुटल्या, काचा तिच्या मनगटात घुसल्या. ती किंचाळली. तेव्हा कुठं माझा नवरा जागा झाला. बोलला नव्हता तो, पण मारायला बरोबर आला. माझा अंबाडा धरून त्यानं माझं डोकं फळीवर आदळलं. लोणच्याच्या बरण्या खाली पडून फुटल्या.

"माह्या मायवर हात टाकतं? जंगली साली!"

इतक्या वर्षांत हा शब्द त्यानं कधी काढला नव्हता. पण शोधावाही लागला नाही. जिभेवर तयारच होता. माझ्या हाताला गाडीतली मिठाची पिशवी लागली. तीच उचलून सगळ्या ताकदीनं त्याच्या तोंडावर हाणली. नाकातून रक्त आलं आणि तो मट्‌कन खाली बसला. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

दुकानाचा रखवालदार धावत आला. आमच्याकडचाच कुणी हिंदी बोलणारा. त्यानं सासूला विचारलं, "ये कौन है आपकी?"

"नौकरानी," सासू म्हणाली. रक्ताळलेल्या मनगटानिशी, तरीही तेच. नवरा नाक पुसत जमिनीकडे बघत राहिला.

"मैं इसकी बीवी हूँ," मी ओरडले. "ये मेरी बेटी है. और मैं गोंड हूँ." मग त्या गोंदियाच्या बाईकडे वळले. "आयकलं ना जी? आता घरी जाऊन सप्पा सांगजा, एकूण एक."

दिरानं येऊन दुकानवाल्यांच्या हातापाया पडून प्रकरण मिटवलं. परत आल्यावर मी पोरीला घेऊन देवरीला खोली केली. सासरकडचे चार शहाणे समजवायला आले. "झालं गेलं विसर बाई. पोरीच्या लग्नाले अडचण जाईन." मी त्यांना चहा दिला. त्यांच्यातल्या दोघांनी घेतला नाही. मग मी त्यांना दार दाखवलं.

पोरीचा ओठ आठवड्यात बरा झाला. पण पुढं कितीतरी दिवस घरी कोणी नवीन माणूस आलं की ती मला हाक मारायच्या आधी थांबायची. आधी त्या माणसाच्या हातांकडे बघायची. मारणार नाही अशी खात्री झाली की मगच "आई" म्हणायची. हे मी त्या घराला माफ करणार नाही. मरताना पाणी मागायला आले तरी नाही. आणि पुन्हा कोणी माझ्या पोरीवर हात उगारला, तो बाप असो, आजी असो, नाहीतर उद्याचा तिचा नवरा असो, तर तो हात मी नुसता धरणार नाही. मोडीन.