गेमवाल्या बाई आणि तात्यांचं वाडगं

गेमवाल्या बाई हरल्या की खरोखर चिडायच्या. समोर आठ वर्षांचं पोर असो नाहीतर त्याचा आजा, चटईवर मांडी घालून बसलेल्या बाई गेमचा रिमोट आपटून म्हणायच्या, "पुन्हा. आता दाखवते." ही मोठ्या माणसांसारखी मुद्दाम हरत नाही, हे मुलांना लगेच कळायचं. बाई मुलांच्या समुपदेशक होत्या. सोलापुरात एका दवाखान्याच्या माडीवर त्यांची खोली होती, आणि तिथे व्हिडिओ गेम खेळून उपचार करतात म्हणून लोक टिंगल करायचे.

त्या टिंगलीचा मला अजून संताप येतो. पोराला ताप आला की रिक्षा करून धावणारे आपण. तेच पोर मनातून आजारी पडलं की त्याला हट्टी म्हणतो, आळशी म्हणतो, हातात मोबाईल देऊन गप्प बसवतो आणि वर त्याच मोबाईलला शिव्या घालतो. बाईंच्या दारात पिठाचा मोठा डबा असे. आईबापांनी आपापले फोन त्यात टाकून आत यायचं. बंदी मुलांवर नाही, मोठ्यांवर. "नुसतं मूल आणू नका, घर आणा," असं त्या बजावायच्या, आणि आलेलं अख्खं घर खेळायला बसवायच्या. एका सासूबाईंनी शर्यतीत सुनेच्या गाडीला मुद्दाम धडक दिली, तेव्हा बाई म्हणाल्या, "बरं झालं, इथेच दिलीत. आता बोलू या."

माझे चुलते, तात्या, मेंढरं विकून सांगोल्याकडून सोलापूरजवळ कुंभारीला राहायला आले. त्यांची लेक मंगल घरात तोंड मिटत नसे, पण शाळेत किंवा परक्यासमोर एक अक्षर नाही. शाळेने सांगून टाकलं, मुलगी मुकी आहे, पुढच्या वर्षी इथे नको. मी पेटले. मी काम करते त्या संघटनेची पत्रकं लिहायची सवय होतीच. शाळेविरुद्ध एक जळजळीत पत्रक लिहून बाईंना दाखवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"राग चांगला आहे गं तुझा. पण यात मुलगी कुठे आहे?"

मग म्हणाल्या, तिला घेऊन ये, आणि तात्यांनाही.

पोरगी बोलंना आणि खेळ कसले खेळताय, असं तात्यांचं म्हणणं. आले ते केवळ तिची शाळा सुटू नये म्हणून. सुरुवातीला मंगल नुसती खेळायची आणि बाई काहीच विचारायच्या नाहीत. मग एकदा त्यांनी ठोकळ्यांचं जग बांधायचा खेळ लावला. त्यात मेंढरं होती. रिमोट दिला तात्यांच्या हातात. तात्यांचा अंगठा भलतीच बटणं दाबत होता, मेंढरं खड्ड्यात पडत होती. घामाघूम होऊन त्यांनी कसंबसं मेंढरांना कोंडायचं वाडगं बांधलं आणि लहानमोठी सगळी त्यात एकत्र घातली. सारा जन्म मेंढरांमागे गेलेला माणूस, पण बटणांच्या नादात साधी गोष्ट विसरला आणि वर खूशही झाला.

"तात्या, कोकरं येगळी कोंडायची की. चेंगरत्याल."

मंगल बोलली होती, बाई शेजारी बसलेल्या असताना. तात्या भरल्या डोळ्यांनी तिला जवळ घ्यायला वळले. बाईंनी मात्र पडद्यावरची नजर काढली नाही की शाबासकी दिली नाही.

"खरंच की. मग कोकरं कुठे ठेवायची?"

मंगल पडद्याकडे सरकली. "हितं," म्हणाली, आणि बापाच्या हातातून रिमोटच काढून घेतला.

चमत्कार वगैरे झाला नाही. पुढे बाईंनी तिच्या वर्गातली एक मैत्रीण खेळायला बोलावली, मग दोघी, मग त्या मैत्रिणींसोबत शाळेचं मैदान, मग वर्ग. महिने गेले. बाई शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी भांडल्या नाहीत, ते ऐकेपर्यंत नुसत्या त्यांच्यासमोर बसून राहिल्या. मंगलचं नाव पटावर राहिलं. मी असते तर मोर्चा नेला असता.

पुढे स्वतःच्या सासूबाई आजारी पडल्या म्हणून बाई नाशिकला गेल्या. त्यांच्या खोलीत आता सलाईनची खोकी आहेत. त्यांच्या जागी कुणी आणायला हवं, असं दवाखान्यात कुणालाच वाटलेलं नाही. त्यावर पत्रक मी लिहितेच आहे, पण आता सुरुवात मुलीपासून करते.

परवा शाळेने तात्यांना बोलावलं. ते धुतलेला पटका बांधून गेले, सोबत मी. नवे वर्गशिक्षक वैतागले होते. मंगल भर तासाला बोलत बसते, शेजारणीलाही बोलायला लावते, तिला जरा समज द्या. तात्यांनी मान डोलवत सगळं ऐकून घेतलं. मग मला बाईंना फोन लावायला सांगितला, आणि तो सरांपुढे धरला.

"ह्या आमच्या बाई हायत. पोरगी काय करतीया, त्ये ह्यास्नी बी सांगा की."