बांगडे, पाव आणि आबांचं बेअरिंग

आमच्या डिचोलीच्या गॅरेजातून खराब बेअरिंगं बाहेर पडत नाहीत, आणि किस्सेही पडत नाहीत. बेअरिंगं बाबल मेस्त्री तारेत ओवतो आणि भिंतीवर माळ लावतो. किस्से मी साठवतो. मी सरकारी कारकून. रविवारी गॅरेजात मदतीला जातो असं बायकोला सांगून निघतो आणि तिथं बाकड्यावर बसून तोंड चालवतो. आता इतके साठलेत की एकाला हात घातला की चार बाहेर येतात. म्हणून फक्त आबांच्या गाडीचे सांगतो.

आबा म्हणजे मयेचे पायलट. विमानाचे नव्हे हो! पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवर मागे भाडं बसवून चाळीस वर्षं माणसं पोचवली त्यांनी. दर चवथीला गणपतीही त्याच गाडीवरून घरी यायचा. पण इंजिनाची घुरघुर इतकी वाढली, की मुलाने, शाबाने, गाडी पडवीत उभी केली. तीन वर्षं गणपती शेजाऱ्याच्या रिक्षातून येतोय आणि आबा रुसून घरी बसतायत. यंदा शाबाने गाडी टेंपोत घालून आमच्याकडे आणली, तर मागोमाग आबा बसने हजर.

"पुढल्या चवथीक माझे हात गणपतीचो पाट धरतले काय ना, कोण जाणा," ते म्हणाले. "यंदाच गाडी जाय म्हाका."

जन्मात कुणाला तारीख न देणाऱ्या बाबलने त्यांना चवथीची तारीख दिली. मला तर गलबलून आलं. मग त्याने मला पाना आणायला पिटाळलं, आणि ते बरंच झालं.

*

बाबलची तपासायची रीत जुनी. गाडी चालू करायची, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. क्षणभर ऐकलं आणि म्हणाला, दोन्ही मेन बेअरिंगं गेली. मग आबांकडे वळून बोलता बोलता स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.

मी डोळे मिटून, मान डोलवत मन लावून ऐकलं. म्हटलं, हो की, घुरघुर अगदी स्पष्ट येते.

"दत्ता," बाबल म्हणाला, "गाडी हांवें केन्नाचीच बंद केल्या."

*

इंजिन उघडलं, पण बेअरिंग जागचं हलेना. आमचा मारुती, बेळगावकडचा, शेजारच्या लेथवर काम करतो. तो हातोडा घेऊनच आला. "एक घालतो बघ, बापजन्मात परत अडकायचं नाही!" बाबलने त्याला दारातूनच परत पाठवला. हातोडा मारला की केस, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच, फुटते, आणि ही केस आता कुठं मिळत नाही. बाबलची युक्ती अशी, की अॅल्युमिनियमची केस तापवायची. ती पसरते आणि बेअरिंग आपोआप खाली पडतं.

तापवायला भट्टी कुणाची? इनास पोदेराची! सकाळचे पाव निघाले की भट्टी निवत असते, तेव्हा आत सरकवायची. इनासने अट घातली, साबणाने तीन वेळा धुऊन आणा. धुवायचं काम माझ्याकडे होतं. मी एकदाच धुतली.

बेअरिंग पडलं झकास. टक्क करून फळीवर आलं आणि बाबलचा चेहरा खुलला. पण दुसऱ्या दिवशी अख्ख्या वाड्याच्या पावाला इंजिन ऑइलचा वास! इनासला दारोदार बोलणी खावी लागली. एक खाणीवरचा ट्रकवाला तेवढा नेहमीपेक्षा चार पाव जास्त घेऊन गेला.

*

मध्येच हरमलला खोली घेऊन राहिलेला एक पाहुणा स्कूटर पंक्चर झाली म्हणून आत आला. भिंतीवरची माळ बघून हरखला. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये टांगायला हवी, म्हणाल ती किंमत देतो म्हणाला. बाबल हात पुसत उठला आणि एकेक बेअरिंग बोटाने सरकवत गाडीचा मालक, गाव आणि वर्ष सांगायला लागला. पाहुण्याला वाटलं, हा किंमत वाढवतोय. बाबल पंचविसाव्या बेअरिंगपर्यंत पोचला तेव्हा पाहुणा पंक्चरची स्कूटर ढकलत निघून गेला होता.

*

नवं बेअरिंग बसवताना नुसतं तापवून भागत नाही. केस तापलेली आणि बेअरिंग गारठलेलं हवं. म्हणून नवी बेअरिंगं पुडीत बांधून आमच्या घरी फ्रीझरमध्ये ठेवली. ठरल्या दिवशी, इनाससमोर तीनदा धुतलेली केस भट्टीतून बाहेर काढली. बाबल ओरडला, "हाड बेगीन!" लवकर आणायलाच हवं होतं, केस निवायच्या आत बसवायचं होतं. मी घरून आणलेली पुडी फोडली.

आत सहा बांगडे.

बाबलने केस परत भट्टीत सरकवली आणि मी घरी पळालो. बेअरिंगं घेऊन धापा टाकत परत आलो, तर इनासने बांगडे भाजून गरम पावाबरोबर वाढले होते. मारुती तिसऱ्या बांगड्यावर होता. बेअरिंगं बसली अगदी अलगद. निघताना इनास म्हणाला, "फुडल्या खेपेक बेअरिंग विसरलास तरी चलता."

*

चवथीच्या सकाळी गाडी तयार. शाबा पुढे, मागे आबा, मांडीवर पाटासकट गणपती. आबांनी धरलेला पाट जरासुद्धा हलला नाही. आम्ही स्कूटरवरून मागे. इंजिन नव्यासारखं, घुरघुर औषधालासुद्धा नाही. बाबलची छाती फुगली होती.

मयेला पोचलो तर दारात कुणीच नाही. ना आरतीचं तबक, ना पायावर घालायला पाणी. आबा गणपती घेऊन उंबऱ्याबाहेर उभे. शाबाने आईला हाक मारली. आतून नेवऱ्या तळल्याचा वास येत होता.

"कित्याक बोवाळ घालतां?" आई आतूनच म्हणाली. "गाडी अजून खंय आयल्या! वळणाचेर गाडयेची घुरघुर आयकली की हांव तबक घेवन भायर येतां न्हय, चाळीस वर्सां?"

मग ती तबक घेऊन धावत बाहेर आली. गणपती बसला, आरती झाली, जेवणंही झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा बसने गॅरेजात आले. बाकड्यावर बसले, चहा घेतला, इंजिनाचं तोंड भरून कौतुक केलं. मग भिंतीवरच्या माळेकडे बघत म्हणाले,

"बाबल, त्या माळेंतलें आमचें जुनें बेअरिंग खंयचें रे?"