पहिलाच गोळा

भगीरथ हवालदार बोलायचा तो मान वाकडी करून, एक डोळा बारीक करून. शेजारची जनाबाई चिंचेवर दगड मारायला लागली, की हा ओट्यावरून सुरू.

"राइट चार हात. ॲड दोन हात. फायर."

"तूच ये ना पाडायला, तोफवाल्या," जनाबाई म्हणायची. पण तिसऱ्या दगडाला चिंच खाली यायची.

वीस वर्षं तोफखान्यात त्यानं हेच केलं. डोंगरावर दुर्बीण घेऊन बसायचं, गोळा कुठं पडला ते बघायचं आणि मागच्या तोफेला वायरलेसवर सांगायचं, किती उजवीकडं, किती पुढं. पहिला चुकायचाच. तिसरा लागायचा. रिटायर होऊन तो डोळखांबच्या पाड्यावर आला, तोवर बायको गेलेली, मुलगी सासरी. सकाळचा चहा झाला की पुढं करायचं काय, हे त्याला कोणी सांगत नव्हतं.

दोन हजार चारला देवळालीच्या तोफखान्यातून पत्र आलं. नव्या गोळ्याचं प्रात्यक्षिक आहे, जुन्या जवानांनी यावं. भगीरथनं लगेच अर्ज लिहिला, नव्या पोरांना शिकवायला मला घ्या. पाडाभर सांगूनही झालं.

"आता महिना महिना नाय येणार मी. कोंबड्या बघ गो, जनाबाई."

"आधी जा तर."

रेंजवर एक कोवळा जवान तिवईवरच्या यंत्रातून लांबच्या निशाणावर लेझरचा, डोळ्याला न दिसणारा उजेड धरून होता. तोफ उडाली. भगीरथनं सवयीनं दुर्बिणीतून गवत कुठं झुकतंय ते बघितलं.

"वारा डावीकडं नेणार. पन्नास मीटर चुकला समजा."

गोळा निशाणाच्या मधोमध फुटला.

शेजारचा सुभेदार हसला. "गोळा हा उजेड बघून आपला आपण वळतो, काका. वाऱ्याला विचारायचं काम संपलं."

भगीरथनं दुर्बीण खाली घेतली. दुसरा गोळाही तिथंच. सांगायला काहीच उरलं नव्हतं.

दहाच्या चहाला सुभेदारानं विचारलं, "काका, तुमचं काही काम होतं ना?"

अर्ज खिशातच होता.

"नाय साहेब. बघायला आलेलो."

दुपारी तो खर्डी स्टेशनला उतरला. शाम रिक्षावाला ओरडत होता, "डोळखांब, डोळखांब. चला हवालदार, एक सीट."

"तू हो पुढं. मला टाइम हाय."

ती रिक्षा गेली. दुसरी भरली, तीही गेली. पाड्यावर पहिली जनाबाईच भेटणार होती, आणि ती विचारणार होती. भगीरथ बाकावर बसून राहिला.