तिने मागणं सोडलं

सिकंदराबादला रेल्वेच्या नोकरीत माझी हयात गेली. राहायला क्वार्टर होतं, पण बायकोला स्वतःचं घर हवं होतं. फार मोठं नाही. स्वयंपाकघराला खिडकी असावी, एवढंच ती सांगायची. रविवारी आम्ही गावाबाहेरची नवी घरं बघत हिंडायचो. आधी भावांची शिक्षणं आडवी आली, मग मुलीचं लग्न, आणि पुढे नुसता माझा भित्रेपणा. दरवेळी मी म्हणायचो, पुढच्या वर्षी बघू.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. तेव्हा तिने नव्या घरासाठी जपून ठेवलेला कपबश्यांचा सेट शेजारच्या तेलुगू बाईच्या लेकीला लग्नात देऊन टाकला. पडदे दिले, चांगल्या साड्या दिल्या. घराचं नाव तर ती काढेनाच. मला हलकं वाटलं. बुद्धविहारात चार लोकांसमोर मी अभिमानाने सांगितलं, की आम्ही इतकी वर्षं तृष्णेवरची प्रवचनं ऐकतो, पण तृष्णा जिंकली ती माझ्या बायकोने.

घरी आल्यावर भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "लोकांत माझं कौतुक करत जाऊ नका. मी काही जिंकले नाही. वाट बघायची थांबले, एवढंच."

मी तिच्या पुढ्यातली निवडलेली भाजी धुवायला नेली.

महिनाभराने मी हट्टाने तिला एक फ्लॅट दाखवायला नेलं. या वेळी खरंच घ्यायचा होता. स्वयंपाकघराला खिडकी होती, ऊनही येत होतं. पाहुणी आल्यासारखी ती दारातच उभी राहिली. "चांगलं हाय," म्हणाली, आणि खाली जाऊन रिक्षापाशी थांबली. घर मी घेतलं नाही. कुणासाठी घेणार होतो?

आता सकाळी मी ध्यानाला डोळे मिटून बसतो. मलाही फारसं काही नको असतं. पण जिला शांती म्हणतात ती हीच असेल, तर तिच्यात नुसती ओल आहे, बंद खोलीत असते तशी.

परवा आम्ही दोघं अफझलगंजच्या बाजारात गेलो होतो. भांड्यांच्या दुकानापाशी मी तिला विचारलं, "काही घ्यायचं का तुला?"

"नको. तुम्हाला काही घ्यायचं असलं तर घ्या," ती म्हणाली, आणि बस येते का बघू लागली.