आभाळातल्या डोळ्याला गाऱ्हाणं

मुलांनो, तुमच्या आईची मावसबहीण, म्हणजे माझी भाची, मुंबईची नोकरी सोडून रत्नागिरीला आली आणि तिने मला कामाला लावलं. तिला माझ्या वडिलांची शांबरिक खरोलिका हवी होती. काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडाने पडद्यावर मोठी करून दाखवणारं ते जुनं यंत्र. वडील त्यावर शाळेत ग्रहगोल शिकवत. हिला त्यावर भय दाखवायचं होतं: समुद्रावरच्या आभाळात एक प्रचंड डोळा उघडतो, एवढीच गोष्ट.

"भुताचा निदान आपल्यावर राग असतो, मावशी," ती म्हणाली. "याच्या खिजगणतीतही आपण नाही."

चिपळूणला पहिल्या प्रयोगात लोक खो खो हसले होते. इथेही हसले तर गाशा गुंडाळून परत जायचं, असं तिने ठरवलं होतं.

काचा सरकवायचं काम माझ्याकडे. सोळा काचांना मी सोळा चिठ्ठ्या चिकटवल्या. मृदंगाला आतल्या गावचे एक बुवा होते. आयुष्यभर नमनात, म्हणजे देवाला वंदून सुरू होणाऱ्या कोकणी लोकनाट्यात, वाजवलेले. त्यांनी पहिल्याच तालमीत वैताग आणला.

"नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याबिगर मी थाप मारायचा नाय."

गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने घातलेलं साकडं, प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं.

"बुवा, या गोष्टीत देव नाहीच! म्हणून तर भीती आहे."

"मग संकटात हाक कोनाला मारायची?"

"कोणालाच नाही!"

"ही कसली गोष्ट, बाय?"

तीन तालमी यातच गेल्या. माझं डोकं उठलं. शेवटी मी माझा जुना मास्तरणीचा आवाज काढला: नारळ नाही, गाऱ्हाणं नाही, पंधराव्या काचेला डोळा उघडेल, मृदंग थांबेल आणि एक मिनिट पूर्ण शांतता. बुवांकडून हे तीनदा वदवून घेतलं.

प्रयोगाला सभागृह भरलं. मृदंग चढत गेला. मी पंधरावी काच सरकवली. डोळा उघडला. मृदंग थांबला. कोणी खोकलंसुद्धा नाही. भाचीने अंधारात माझा दंड घट्ट धरला.

आणि बुवा उठून उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "बा म्हाराजा! तू जो कोन आसशील, जिथला आसशील..."

"व्हय म्हाराजा!" सगळं सभागृह गरजलं.

"आमच्या लेकराबाळांवर नजर नको धरूस..."

"व्हय म्हाराजा!"

"आल्या वाटेनं म्हागारी जा..."

"व्हय म्हाराजा!"

भाची पडद्यामागे जाऊन रडत बसली. मी तणतणत बुवांना गाठलं. "तीनदा कबूल केलं होतंत ना?"

"व्हय, बाई. पन त्यानं माज्याकडं बगितलान." बुवा मृदंगाला खोळ घालू लागले. "मानूस भ्याला का हाक मारतोच."

मी भाचीकडे गेले. "ऊठ. कोणी हसलं नाही."

"पण गोष्टीचं वाटोळं झालं, मावशी! सोळावी काच कुठे दाखवलीस? तो रिकामा समुद्र?"

सोळावी काच! ती खोक्यात तशीच होती. ज्या बाईने चिठ्ठ्या चिकटवल्या, तीच विसरली. मला स्वतःचाच इतका राग आला की खरं ते बोलून गेले.

"हात जोडलेले होते माझे. काच कशाने सरकवू?"

तिने डोळे पुसले. "तू? तूसुद्धा म्हणालीस?"

"तिन्ही वेळा," मी म्हटलं. "आणि मोठ्याने. आता ऊठ, उद्याच्या प्रयोगाचा नारळ कोण आणणार?"